घरी हाक मारण्याचे नाव

एकशे त्रेचाळीस ठिकाणी बदल झाले, असं यंत्रानं सांगितलं आणि मी गार झालेला चहा एका घोटात संपवला. गेले अकरा महिने माझं हेच काम. जुन्या निवासी शाळांची, दवाखान्यांची दप्तरं तळघरातून वर येतात, आमच्या टंकलेखिका ती टंकून काढतात आणि मग ती माझ्या टेबलावर येतात. माझ्याकडे अकरा शब्दांची यादी आहे. मंदबुद्धी, जडबुद्धी, मतिमंद, वेडसर, अर्धवट, खुळा, असे एकेक. यादीतला शब्द सापडला की यंत्र तो काढतं आणि तिथे लिहितं, बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती. मूळ पानाचं चित्र तसंच राहतं, बदल होतो तो टंकलेल्या प्रतीत, म्हणजे लोकांना वाचायला मिळते तिच्यात. यादी करायला पाच जणांची समिती होती आणि तिच्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. एक साहेब म्हणाले होते, "अहो बाई, शब्दानं काय होतंय? शब्द बदलला म्हणून माणूस बदलतो का?" मी म्हटलं, "उद्यापासून आम्ही सगळे तुम्हाला येडपट साहेब म्हणतो. महिन्याभरानं सांगा काय होतंय ते." सगळे हसले, साहेब गोरेमोरे झाले आणि यादीतले उरलेले शब्द एकमतानं पास झाले. अकरावा शब्द मीच सुचवला होता. तो कुठून सुचला, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

नियम असा आहे की बदल झाल्यावर पहिले दहा आणि शेवटचे दहा डोळ्यांखालून घालायचे. मधले राम भरोसे. शेवटच्या दहांत एका आईनं मुख्याध्यापिकेला लिहिलेलं पत्र निघालं. यंत्रानं ते असं करून ठेवलं होतं: 'आमचा बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती काल आपले बूट आपण घालायला शिकला. मग बूट काढायलाच तयार होईना. बूट घालूनच झोपला.' मला हसू फुटलं. शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका, माझ्या मुलीच्या वयाची, चष्मा वर सरकवून म्हणाली, "काय झालं हो ताई?" मी पडदा तिच्याकडे वळवला. तीही खिदळली. मग म्हणाली, "पण मुळात काय लिहिलं होतं बिचारीनं?" मी मूळ पानाचं चित्र उघडलं. निळी शाई, ओळी उजवीकडे चढत गेलेल्या, आणि स्वच्छ अक्षरात, 'आमचा ठोंब्या'. तो अकरावा शब्द. माझं हसू तिथल्या तिथे विरलं. टंकलेखिकेचंही विरलं असावं, कारण ती म्हणाली, "ई, स्वतःच्या पोराला कुणी असं म्हणतं का?" मी म्हटलं, "म्हणतात." आणि फोन वाजला.

फोन माझा भाऊ राहतो त्या निवासी देखभाल केंद्रातून होता. माझा भाऊ चौपन्न वर्षांचा आहे, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, आणि यादीतले अकराच्या अकरा शब्द त्यानं आयुष्यात ऐकून घेतलेले आहेत. आई गेल्यावर तो माझ्याकडे होता. दिवसभर घरात एकटा राहायचा. गेल्या वर्षी त्यानं दोनदा गॅस उघडा ठेवला, तेव्हा नवऱ्यानं आणि मी ठरवलं की मी निवृत्त होईपर्यंत, दीडच वर्ष, त्याला केंद्रात ठेवू. मी त्याला तसं सांगितलंही होतं, बोटं मोजून. फोनवर अधीक्षकबाई होत्या. आवाज मऊ, म्हणजे बातमी वाईट. "तुमच्या भावाबद्दल आज तीनला बैठक आहे. तुम्ही याल तर बरं होईल. ते हाकेला ओ देत नाहीत हो. आम्हाला वाटलं कान गेले. पण कान तपासले, ठणठणीत आहेत. डॉक्टरांचं म्हणणं असं की त्यांची समज आणखी उतरत चाललीय. आपलं नाव सुद्धा ओळखत नाहीत." मी म्हटलं, "बरं, मग?" त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडे नाही ठेवता येणार. मोठ्या केंद्रात पाठवावं लागेल, अंथरुणावरच्यांच्या विभागात. तिथे चोवीस तास देखरेख असते." तो विभाग मला पाठ आहे. त्याची तीस वर्षांची दप्तरं माझ्याच टेबलावरून गेलीत. इथून सहा तासांच्या रस्त्यावर, कठडे लावलेल्या खाटा, सकाळी सातला पुसून काढणे, बाराला भरवणे, पाचला भरवणे. आणि शेरे, पानोपानी एकच शेरा: 'शांत आहे.' तिथून कुणी परत आल्याची नोंद मी पाहिलेली नाही. माझा भाऊ चालतो, कुंड्यांना पाणी घालतो, टॉवेलांच्या इतक्या नेटक्या घड्या घालतो की दुकानदारानं शिकाव्यात. त्याला खाटेत घालणार, कारण तो ओ देत नाही.

आणि तो का ओ देत नाही, हे मला फोन खाली ठेवायच्या आधीच कळलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याला ज्या नावानं ते हाक मारत होते ते त्याचं नावच नव्हतं. जन्मदाखल्यावर होतं, शाळेच्या दाखल्यावर होतं, रेशनकार्डावर होतं, पण त्याच्या अंगावर ते कधी चढलंच नाही. केंद्राच्या प्रवेश-अर्जात सातवा रकाना होता, 'घरी हाक मारण्याचे नाव'. समोर अधीक्षकबाई बसल्या होत्या, भिंतीवर पाटी होती, 'प्रत्येकाला त्याच्या नावाने आणि आदराने हाक मारा', आणि त्या पाटीचा मजकूर आमच्याच समितीनं पाठवलेला होता. मी पेन हातात धरून जरा वेळ बसले. मग जन्मदाखल्यावरचं नाव पुन्हा एकदा, अगदी सुवाच्य अक्षरात, तिथेही लिहिलं.

साहेबांना काही तरी सांगून मी निघाले. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर दुकानांच्या काचा, सायकली, एका इमारतीला लावलेला बांबूचा सांगाडा. मी स्वतःलाच म्हणत होते, जाऊन सांगायचं, त्यात काय एवढं, जाऊन सांगायचं. तोंडानं सांगायचं. एवढं साधं. आणि मला आठवला तो मी नऊ वर्षांची असतानाचा शाळेच्या आवारातला दिवस. पाच वर्षांच्या भावाला त्या दिवशी आईनं माझ्याबरोबर पाठवलं होतं, तिला दवाखान्यात जायचं होतं म्हणून. मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुली त्याच्याभोवती जमल्या. त्याची जीभ जरा बाहेर असायची, चालताना पाय फाकायचे. एक मुलगी, दोन वेण्यांची, तिच्या डबीत रंगीत खडू असायचे आणि मला तिच्याशी मैत्री करायची फार हौस होती, तिनं विचारलं, "हा असा काय गं तुझा भाऊ?" मला दिसलं की आता हिच्या ओठांवर काही तरी येतंय. ते यायच्या आत मीच बोलले. हसत हसत, खांदे उडवत. "तो ना? ठोंब्या आहे आमचा!" हशा पिकला. मला वाटलं, सुटले. त्यांच्या आधी मी म्हटलं म्हणजे आता ते माझ्यावर येणार नाही. किती अक्कल असते नऊ वर्षांच्या पोरीला! पण सगळ्यांत जास्त हसला तो. टाळ्या पिटल्या त्यानं. इतक्या मुली आपल्याकडे बघून खूश झाल्यात, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते मी मिळवून दिलं होतं. घरी आल्यावर त्यानं आईसमोर उभं राहून छातीवर हात आपटला आणि म्हणाला, "ठोंब्या. मी." तोवर त्याला 'मी' म्हणता येत नव्हतं.

आईनं माझ्या मुस्काटात दिली. कुणी शिकवलं हे विचारायची गरजच नव्हती, माझं तोंडच सांगत होतं. मग आई दारामागे जाऊन रडली आणि आठ दिवस त्याला मुद्दाम खऱ्या नावानं हाका मारत राहिली. तो ढिम्म. खेळत असायचा, वळायचा नाही. नवव्या दिवशी तो रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला, वळणावरून लॉरी येत होती, आणि आई गॅलरीतून ओरडली, "ठोंब्याऽऽ!" तो उठून धावत आला. "आलो!" म्हणत. आईनं त्याला इतकं घट्ट धरलं की तो कळवळला. तेव्हापासून आईचं तेच झालं. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून ती शेवटचा आ लांबवत हाक मारायची आणि गल्लीच्या टोकापासून उत्तर यायचं, आलो. शेजारणी आधी हसल्या, मग कुजबुजल्या, मग सवयीनं त्यांनाही काही वाटेनासं झालं. आईच्या तोंडात तो शब्द निराळाच लागायचा, पण म्हणून काही तो शब्द बदलला नव्हता. कारण तोच शब्द दुसरीकडूनही यायचा. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला पान्यानं डब्यावर ठोकत म्हणायचा, "ए ठोंब्या, नाच," आणि भाऊ नाचायचा. मी शाळेतून येताना ते बघायची आणि रस्ता बदलायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

वडिलांनी मात्र तो शब्द आयुष्यात एकदाही उच्चारला नाही. ते नकाशे काढायचे, घरांचे, पुलांचे. घरात एक मोठा उतरता फळा होता आणि त्यावर ते रविवारीही काम करायचे. "माझ्या घरात हा शब्द नको," ते आईला म्हणाले होते, एकदाच, आवाज न चढवता. आई म्हणाली, "मग तुम्ही बोलावून दाखवा त्याला तुमच्या शब्दानं." वडिलांनी बोलावलं. पूर्ण नाव घेऊन बोलावलं. तो फरशीवरच्या मुंगीकडे बघत राहिला. वडिलांनी तीन महिने बोलावलं, मग कानाच्या डॉक्टरकडे नेलं, मग आणखी एका कानाच्या डॉक्टरकडे. शेवटी त्यांनी वेगळीच युक्ती काढली. फळ्यावर लाकडी पट्टी दोनदा ठोकायची, टक टक. तो येऊन त्यांच्या गुडघ्याशी बसायचा. मला वडील तेव्हा हट्टी वाटायचे, आता वाटतं घरात एकटा तोच माणूस बरोबर होता. आणि लगेच वाटतं, कसला बरोबर? लॉरी आली तेव्हा पट्टी कुठे होती? म्हणजे आईही बरोबर. म्हणजे चूक ती फक्त माझी. बसमध्ये माझ्या पुढच्या बाईनं मागे वळून पाहिलं, मी बहुधा मोठ्यानं काही तरी बोलले असणार.

आई गेल्यावर तो माझ्याकडे आला तेव्हा मीही त्याला त्याच नावानं हाक मारायची. पण दार लावून. खिडकी लावून. आमच्या मजल्यावर शिकलेले लोक राहतात, माझ्या ऑफिसातले दोघं राहतात. समिती झाल्यावर तर मी कुजबुजत हाक मारायला लागले. त्याचे कान इतके तिखट की तो आतल्या खोलीतूनही ऐकायचा आणि, काय सांगू, तोही कुजबुजत म्हणायचा, "आलो." त्याला वाटलं असेल, आता खेळ असा आहे. आठ महिन्यांपूर्वी केंद्रात टाकल्यावर मी दर रविवारी गेले. एकही चुकवला नाही, हे मी नवऱ्याला, बहिणीसारख्या मैत्रिणीला, सगळ्यांना सांगायची. पण भेटीच्या दालनात चाळीस माणसं असतात. मी जायची, मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवायची, तो वळायचा, "ताय" म्हणायचा. हाक मारायची वेळच आणायची नाही मी. त्याच्या शेजारी कायम एक बाई बसलेली असायची, केस पांढरेशुभ्र, मांडीवर मण्यांचं ताट, निळे मणी वेगळे, पांढरे वेगळे. तिला भेटायला कुणी येत नाही. माझा भाऊ मी नेलेल्या प्रत्येक बिस्किटाचे दोन तुकडे करायचा आणि मोठा तुकडा तिच्या ताटात ठेवायचा. मग माझ्याकडे वळून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचा. मी म्हणायची, "अजून हवंय का?" आणि आणखी एक बिस्किट द्यायची. तो ते घ्यायचा आणि पुन्हा तोंडाकडे बघायचा. मेलं माझं लक्षण! आठ महिने त्याला कुणी हाक मारली नव्हती, तो वाट बघत होता, आणि मी त्याला बिस्किटं चारत होते.

केंद्राच्या दारात उतरले तेव्हा पावणेतीन झाले होते. बैठक म्हणजे तिघंच होते: अधीक्षकबाई, एक तरुण डॉक्टर आणि त्या मजल्यावरच्या मावशी, ज्या सगळ्यांना न्हाऊमाखू घालतात. दालनाला अंगणाच्या बाजूनं मोठी काचेची दारं आहेत, ती उघडी होती. भाऊ अंगणात पाठमोरा उभा राहून झारीनं कुंड्यांना पाणी घालत होता. एका कुंडीला सावकाश, मग पुढची. बाकावर ती मण्यांची बाई. आणखी दहा-बाराजण उन्हात बसलेले. "बघा," डॉक्टर म्हणाला, वाईट माणूस नव्हता तो, चेहऱ्यावर खरी काळजी होती, आणि दारात उभं राहून त्यानं भावाचं दाखल्यावरचं नाव घेतलं. शेवटी 'काका' लावून, आदरानं, पाटीवर लिहिल्याप्रमाणे. भावानं पुढच्या कुंडीत पाणी घातलं. डॉक्टरनं पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्यानं. काही नाही. मग त्यानं जोरात टाळी वाजवली. भावानं मागे वळून पाहिलं, टाळी कुणी वाजवली ते बघितलं, आणि परत झारी उचलली. "आवाज ऐकू येतो," डॉक्टर हळूच म्हणाला, "पण नाव म्हणजे आपण, एवढं आता उरलेलं नाही." मावशी मधेच बोलल्या, "पण कामाला हुशार आहेत हो ते. माझ्यापेक्षा बऱ्या घड्या घालतात." डॉक्टर म्हणाला, "मावशी, उद्या रस्त्यावर गेले आणि थांबा म्हटलं तर?" मला लॉरी आठवली.

"तुम्ही एकदा हाक मारून बघता का?" अधीक्षकबाईंनी विचारलं. हो, म्हटलं. तोंड उघडलं. आणि त्यांच्या मागे भिंतीवरची ती पाटी, आणि डॉक्टरच्या हातातला अर्ज, सातव्या रकान्यात माझं सुवाच्य अक्षर. मी म्हणजे ती समितीतली तिखट बाई, भल्याभल्यांना शब्दांवरून झाडणारी. आणि आता या तिघांसमोर, उन्हात बसलेल्या त्या सगळ्यांसमोर, मी माझ्या सख्ख्या भावाला... छे! तेवढ्यात मला वडिलांची आठवण झाली आणि हायसं वाटलं. त्यांची वाट अजून मोकळी होती. टेबलावर एक पट्टी पडलेली होती, प्लास्टिकची. मी ती उचलून टेबलाच्या कडेवर दोनदा ठोकली. टक टक. भावाचा हात जागच्या जागी थांबला. तो गर्रकन वळला. डॉक्टर "अरे!" म्हणाला. मी हसले, मला रडूच येत होतं. पण भाऊ माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता, दालनाच्या आतल्या दाराकडे. मान वाकडी करून बघितलं. एक पाऊल पुढे आला आणि आणखी नीट बघितलं. वडील जाऊन एकवीस वर्षं झाली. दारातून कुणी आलं नाही. त्याचा खालचा ओठ पुढे आला, लहानपणी यायचा तसा, आणि तो पुन्हा कुंड्यांकडे वळला. झारीतलं पाणी संपलं होतं, तरी तो ती ओतत राहिला.

डॉक्टरनं अर्जावर काही तरी लिहायला पेन उघडलं. मी त्या पेनाकडे बघितलं. मग मी दाराबाहेर, अंगणाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले आणि हाक मारली. कुजबुजत नाही. आई गॅलरीतून मारायची तशी, पोटातून, शेवटचा आ लांबवत. "ठोंब्याऽऽ!" झारी खाली पडली. "आलो!" तो ओरडला. आठ महिन्यांचं साठलेलं ओरडला. आणि वळून, पाय फाकत, हात पसरून माझ्याकडे धावत निघाला, चौपन्न वर्षांचा, अर्धं टक्कल पडलेला माझा भाऊ. मागे मावशी "अगं बाई" म्हणाल्या. मला कुणाकडे बघायची गरज वाटत नव्हती. मी दोन्ही हात पुढे केले होते.

तो अर्ध्यात थांबला. मला आधी कळलंच नाही का ते. मग मी बघितलं. बाकावरच्या त्या मण्यांच्या बाईनं दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. कोपरं कानांवर दाबलेली, मान खांद्यांत खुपसलेली, वरून काही तरी बसणार आहे आणि ते चुकवायचंय, अशी. ताट उलटं झालं होतं, निळेपांढरे मणी एकत्र होऊन फरशीवर घरंगळत होते. पलीकडे एक म्हातारा खुर्चीतून उठून उभा राहिला होता आणि दोन्ही हात मांड्यांना चिकटवून समोर बघत होता, जणू कुणी हुकूम सोडलाय. आणखी एक पोरगेली मुलगी रडायला लागली होती, आवाज न करता. माझी हाक एकट्याच्या नावानं गेली होती, पण पोचली होती ती कुणाकुणाला. मला वाटलं, धरणी दुभंगावी. आईच्या आवाजात मारली म्हणून काय झालं? सायकलवाल्याचा पाना ऐकला होता त्यांनी. रंगीत खडूच्या डबीपुढची मी ऐकली होती त्यांनी. दप्तरांतून मी वेचून काढून टाकलेला शब्द मी भर दुपारी त्यांच्या अंगावर फेकला होता, आणि त्यांच्यापैकी एकेकाला तो कुठे कुठे, कुणाकुणाच्या हातून बसला होता, हे कुठल्याच दप्तरात नव्हतं. मी पायरीवरून खाली उतरायला गेले. तिच्यापाशी जाऊन काय म्हणणार होते देव जाणे. तिला कुठल्या नावानं हाक मारतात, हेही मला आठ महिन्यांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

पण भाऊ माझ्या आधी पोचला होता. मण्यांवर पाय पडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत तो तिच्यासमोर गेला. आधी खाली बसला, गुडघे त्याचे हल्ली नीट वाकत नाहीत, तरी बसला. वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. त्यानं तिच्या मनगटाला बोट लावलं. ती आणखी आखडली. तेव्हा तो जरा विचारात पडला. मग त्यानं आपला हात आपल्याच छातीवर आपटला, एकदा, दोनदा, चांगला आवाज होईल असा, आणि म्हणाला, "मी." तिनं एक डोळा उघडला. "तू नाय," तो म्हणाला. मान जोरजोरात हलवली. त्याला सगळे मिळून पंधरा-वीस शब्द येतात, त्यातले तो एकेक करून तिच्यापुढे ठेवत होता. "तू नाय. मी. ठोंब्या मी." आणि माझ्याकडे बोट करून, खुलासा म्हणून, "ताय. ताय हाक."

डॉक्टर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता, उघडं पेन हातात. मी त्याच्या हातातून पेन आणि अर्ज घेतला, सातव्या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं नाव खोडलं आणि तो शब्द लिहिला. अक्षर वाईट आलं. खाली लिहिलं, 'फक्त यालाच. जवळ जाऊन. हळू.' मग वाचून बघितलं आणि त्याखाली सही केली. वर बघितलं तेव्हा भाऊ फरशीवर बसून मणी वेचत होता, निळे एका मुठीत, पांढरे दुसऱ्या मुठीत. ती बाई त्याच्याकडे बघत होती. तिनं एक हात डोक्यावरून काढला आणि ताट सरळ केलं. दुसरा हात तिनं तसाच डोक्यावर ठेवला होता.